हाताचे कसब आणि हातातील हिशेब

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात महिला समितीच्या वतीने दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, ज्येष्ठांचा सत्कार होतो आणि अखेरीस गरजू भगिनींना शिलाईयंत्रांचे वाटप होते. या शेवटच्या कार्यक्रमास टाळ्या सर्वांत अधिक पडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. देणाऱ्याचे समाधान खरे असते आणि घेणारीची कृतज्ञताही खरी असते. परंतु यंत्र घरी गेल्यावर पुढे काय होते, या विषयावर या सभागृहात फारसे बोलले जात नाही. आज आम्ही तोच विषय आपणांपुढे मांडणार आहोत.

गेल्या वर्षभरात समितीच्या सभासद भगिनी अशा काही घरी जाऊन आल्या. एका घरी यंत्र दिवसभर चालू असते व त्यावर दोन मुलांचे शिक्षण चालले आहे. ते पाहून मन भरून आले. दुसऱ्या घरी यंत्रावर चादर घातलेली होती आणि चादरीवर मुलांची दप्तरे ठेवलेली होती. चौकशी केली तेव्हा कळले की आळस हे त्याचे कारण नव्हे. त्या गल्लीत शिवण घेणाऱ्या चार बायका आधीपासून होत्या; तयार कपडे बाजारात स्वस्त मिळत होते; आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या शेजारणी ओळखीच्या, त्यामुळे शिलाईचे पैसे मागताना भीड पडत होती. तिसऱ्या घरची भगिनी एका दुकानदारासाठी कापडी पिशव्या शिवते. दर तो ठरवितो, पैसे दोन-दोन महिन्यांनी देतो, आणि एका पिशवीची शिवण उसवली तर दहा पिशव्यांची मजुरी कापून घेतो. निरोप घेताना तिने आम्हांस एवढीच विनंती केली : "ताई, हे आपल्या लोकांत कोठे बोलू नका हो."

या तिन्ही घरी कसब होते आणि यंत्रही होते. फरक होता तो हाताच्या कामापासून चुलीपर्यंतच्या मधल्या वाटेत. माल कोठून येतो, मजुरी केव्हा मिळते, वस्तू कोणास व कोणत्या भावाने विकली जाते आणि हिशेबाची वही कोणाच्या हाती असते, या चार प्रश्नांवर स्त्रीच्या उद्योगाचे यशापयश अवलंबून आहे, असे आमचे मत झाले आहे. ते केवळ तीन घरे पाहून झालेले नाही. आपल्या देशात आणि शेजारी देशात ज्या स्त्रियांनी हस्तकौशल्यावर संसार उभे केले, त्यांच्या इतिहासातूनही तेच दिसून येते.

स्त्रीला स्वतःच्या हातांनी मिळविता यावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन स्थापन केले, आणि पुढे केडगाव येथे त्यांच्या मुक्तिसदनात स्त्रिया विणकाम व शिवणकाम तर करीतच, परंतु छापखान्याचे कामही करीत. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचा प्रारंभ केला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यास सेवासदन सुरू झाले व शिवणापासून परिचर्येपर्यंत अनेक व्यवसायांचे शिक्षण तेथे स्त्रियांना मिळू लागले. ज्या काळी विधवेने घराबाहेर पाऊल टाकणे हेच धाडस होते, त्या काळी या थोर व्यक्तींनी पहिली पायरी बांधून दिली. हातास विद्या मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी अनेक वर्षे त्या मंडळाचे अध्यक्षपद भूषविले आणि देशभरातील कारागिरांस प्रतिष्ठा मिळवून दिली. ते मंडळ २०२० साली सरकारने विसर्जित केले. परंतु कारागिराच्या वस्तूस बाजार मिळवून देणे ही देशाची जबाबदारी आहे, हा विचार त्या काळी रुजला तो कायमचा.

आता पहिल्या पायरीच्या पुढची पायरी कोणती, ते पाहू.

मुंबईत गिरगावात लोहाणा निवास या नावाचा इमारतींचा समूह आहे. १५ मार्च १९५९ रोजी तेथील एका गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले व ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतले. आज 'लिज्जत' या नावाने घरोघरी जो पापड पोचतो त्याचा हा आरंभ. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि आज त्या संस्थेच्या सभासद भगिनींची संख्या चाळीस हजारांहून अधिक आहे. ही कथा आपण पुष्कळदा ऐकतो व ८० रुपयांचे कौतुक करून थांबतो. आमच्या दृष्टीने तिचे मर्म अन्यत्र आहे.

त्या स्त्रियांनी आरंभीच ठरविले होते की देणगी म्हणून कोणाकडून काही घ्यावयाचे नाही. घेतले ते कर्ज, आणि ते फेडावयाचे. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत व हलकी प्रत स्वस्त विकत. छगनबापांनी त्यांस सांगितले की प्रत एकच ठेवा व ती उत्तम ठेवा. तसेच हिशेबही चोख ठेवा. पहिल्या वर्षी पावसाने पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी घेतली. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली शेगडी ठेवावयाची. अडचणीतून अशी वाट त्यांनी स्वतः काढली, कारण नुकसान झाले असते तर ते त्यांचे स्वतःचे होते. पुढे व्यवस्था अशी झाली की पीठ मध्यवर्ती ठिकाणी भिजविले जाते, भगिनी ते घरी नेतात, लाटून वाळविलेले पापड आणून देतात आणि मजुरी तेथेच घेऊन जातात. नफा-तोटा सर्वजणींचा. तेथे कोणी मालक नाही व कोणी नोकर नाही. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली व त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने या कामास ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. सरकारी साहाय्य आले ते सात वर्षांचे चोख काम पाहून आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेषत्वाने ध्यानात घ्यावी. ती गच्ची एका ज्ञातीचे नाव धारण करणाऱ्या इमारतीची होती. तेथे निर्माण झालेली संस्था मात्र त्या ज्ञातीपुरती राहिली नाही. जात, धर्म न विचारता कोणत्याही स्त्रीस तिचे दार उघडे राहिले. आपल्या माणसांपासून आरंभ करणे स्वाभाविक आहे; तेथेच थांबणे मात्र उद्योगास मारक असते.

मुंबईहून आता अहमदाबादेस जाऊ. गिरण्यांच्या त्या शहरात कापडाच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या शेकडो स्त्रिया होत्या. व्यापारी चिंध्या देई, बाई रात्रंदिवस शिवी, व्यापारी खोळ घेई आणि हाती पडेल ती मजुरी ती घेई. बाईचे यंत्र होते, हात होते. चिंधी मात्र दुसऱ्याची होती. तेव्हा मजुरी वाढवून मागितली की व्यापाऱ्याने काम बंद करावयाचे व बाईने दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच दारी जावयाचे, असा क्रम चाले. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेने या स्त्रियांस एकत्र केले. गिरण्यांकडून चिंध्या परस्पर मिळविण्यात आल्या व पुढे त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. म्हणजे जे लढून मिळत नव्हते ते कच्चा माल स्वतःच्या ताब्यात येताच मिळू लागले. ज्याच्या हाती चिंधी त्याच्या हाती दर, हा या धंद्याचा साधा नियम आहे, आणि तो चिंधीपुरता नाही. सुताला, वेताला, मण्यांना व रेशमाला तोच नियम लागू पडतो.

तेथेच भांडवलाचाही प्रश्न आला. सावकाराकडून सकाळी पैसे घ्यावयाचे व सायंकाळी व्याजासह परत करावयाचे, अशा चक्रात या स्त्रिया सापडल्या होत्या. बँका त्यांस उभ्या करीत नसत. तेव्हा १९७४ साली सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक स्थापन केली. ज्यांना सही करता येत नाही त्या बँक कशी चालविणार, असा आक्षेप नोंदणीच्या वेळी निघाला. तेव्हा प्रवर्तक स्त्रियांनी रात्र जागून आपापल्या नावाची सही करण्याचा सराव केला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे स्त्रियांची माणदेशी बँक १९९७ साली निघाली, तिच्या प्रवर्तक स्त्रियांसही अक्षरओळखीच्या अशाच अडथळ्यातून जावे लागले होते. अक्षरे शिकविता येतात, आणि पै-पैचा हिशेब तर या स्त्रियांस आधीपासूनच येत होता.

आता शेजारच्या बांगलादेशाकडे वळू. आपल्याकडील गोधडी व बंगालमधील कांथा ही एकाच कुळातील वस्तू होय. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवावयाचे, हे आपल्या आजीचे काम तेथील आजीही करीत आली आहे. तेथे त्या टाक्यांत फुले, पक्षी व कथाचित्रे उमटतात, म्हणून त्यास नक्षी कांथा म्हणतात. १९७१ च्या मुक्तियुद्धानंतर त्या देशात दारिद्र्य पराकोटीचे होते. फझले हसन अबेद यांनी १९७२ साली सुरू केलेल्या ब्रॅक या संस्थेने मानिकगंज भागातील स्त्रियांस रेशमाचे काम दिले. काम उत्तम होऊ लागले, वस्तू ढाक्याच्या दुकानांत गेल्या. आणि तेथे अडचण आली ती पैशांची. दुकानदार वस्तू विकली गेल्यावर, महिनोन्महिन्यांनी पैसे देत. ज्या बाईच्या घरी संध्याकाळचे तांदूळ सकाळच्या कामावर अवलंबून, तिने तीन महिने थांबावयाचे कसे? या एका अडचणीवर उपाय म्हणून १९७८ साली 'आरोंग' या विक्रीकेंद्राचा जन्म झाला. आरोंग म्हणजे गावची जत्रा. वस्तू हाती येताच कारागीर स्त्रीस मोबदला द्यावयाचा आणि विक्रीची वाट पाहण्याचा भार संस्थेने सोसावयाचा, हे त्याचे सूत्र होते. आज ती त्या देशातील एक मोठी विक्रीसंस्था आहे, तरी तिचा पाया "आज काम, आज दाम" या साध्या व्यवहारावर घातला गेला, हे विसरता कामा नये.

चौथे उदाहरण कच्छचे. १९६९ साली तेथे भीषण दुष्काळ पडला होता. धाणेटी या गावी चालू असलेल्या मदतकार्यासाठी चंदाबेन श्रॉफ मुंबईहून गेल्या. तेथील आहीर स्त्रिया फुकटचे अन्न घेण्यास संकोचत होत्या. काही काम द्या, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या अंगावरील आरशांचे भरतकाम पाहून चंदाबेननी त्यांस साड्या भरावयास दिल्या व त्या मुंबईस विकल्या. 'श्रुजन' या संस्थेचा आरंभ असा झाला. पुढे कापड, धागा व आराखडा गावोगावी पोचवावयाचा आणि भरलेले कापड तेथूनच मोबदला देऊन आणावयाचे, अशी पद्धत बसली. कोणत्या जमातीचा टाका कोणता, याची काळजीपूर्वक नोंद झाली. कारण सर्व टाके सरमिसळ करून स्वस्त माल काढला तर बाजार दोन वर्षांत संपतो, हे त्या जाणत्या बाईने ओळखले होते.

याच कच्छमधील एक घटना ज्ञातिसंस्थांनी मुद्दाम अभ्यासण्यासारखी आहे. ढेबरिया रबारी समाजात मुलीने लग्नाचे कपडे स्वतः भरावयाचे अशी चाल होती. हे काम वाढत वाढत इतके झाले की ते पुरे होईपर्यंत मुलीचे सासरी जाणे वर्षानुवर्षे लांबू लागले. तेव्हा १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास समाजाच्या वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या वापरासाठी हाताचे भरतकाम करण्यास बंदी केली. बाहेर विकण्यासाठी भरतकाम करण्याची मुभा राहिली, आणि घरच्या कपड्यांसाठी स्त्रियांनी यंत्राने तयार पट्ट्या व जरी जोडण्याची नवी रीत काढली. तिला त्या 'हरी जरी' म्हणतात. भाद्रोई गावच्या पाबीबेन रबारी यांनी त्याच रीतीने पिशव्या करून आपल्या स्वतःच्या नावाने उद्योग उभारला व अनेक स्त्रियांस काम दिले. समाजाच्या एका ठरावाने स्त्रीच्या हातातील सुई थांबू शकते, आणि त्याच ठरावानंतर स्त्री आपल्या बुद्धीने नवी वाटही काढू शकते. ज्ञातीचा शब्द स्त्रीच्या कामावर किती परिणाम करतो, याचे हे प्रत्यंतर आहे.

येथे आम्ही आपले लक्ष आपल्याच घरच्या गोधडीकडे वेधू इच्छितो. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एक चांगली गोधडी शिवावयास १०० तास लागले. कापड व दोरा ४०० रुपयांचा. दुकानात ती २,००० रुपयांस विकली गेली, व दुकानदाराने तीस टक्के म्हणजे ६०० रुपये घेतले. बाईच्या हाती उरले १,००० रुपये. म्हणजे तासास दहा रुपये. पाहणारे म्हणतात, "बघा, घरबसल्या हजार रुपये मिळाले!" हा हिशेब कोणी मांडीत नाही, म्हणून हे कौतुक टिकते. मांडला की तीन मार्ग दिसू लागतात : माल घाऊक घेऊन खर्च कमी करावयाचा, मधली दलाली कमी करावयाची, किंवा रेखाटन व सफाई वाढवून तीच वस्तू अधिक भावाच्या गिऱ्हाइकापर्यंत न्यावयाची. यांपैकी एकही मार्ग एकट्या बाईच्या आवाक्यातील नाही. दहाजणी एकत्र आल्या तर तिन्ही आहेत. यंत्र एकीला देता येते. बाजार एकीला देता येत नाही.

आणि आता त्या पिशव्या शिवणाऱ्या भगिनीच्या विनंतीविषयी. "आपल्या लोकांत बोलू नका," असे तिने का म्हणावे? आपल्या घरातील सून पैशांसाठी दुसऱ्याचे काम करते हे कळले तर घराचे नाव जाईल, मुलीच्या लग्नात कोणी काढून दाखवील, ही भीती त्यामागे आहे. वरकरणी ही भिडेची गोष्ट वाटते, परंतु व्यवहारात तिची किंमत रोकडी मोजावी लागते. जे काम लपून करावयाचे त्याचा भाव मोठ्याने करता येत नाही. दुकानदारास हे पक्के ठाऊक असते. ती भांडणार नाही, चारचौघींस सोबत आणणार नाही, दुसऱ्या दुकानी विचारणार नाही, हे तो जाणतो. आपण जिला अब्रू म्हणतो ती अशा रीतीने त्याच्या गल्ल्यात जमा होते. बंधूंनो, ही गाठ सरकार सोडवू शकत नाही, बँक सोडवू शकत नाही. ती ज्ञातीने घातली आहे व ज्ञातीनेच सोडविली पाहिजे. ज्या व्यासपीठावर पदवीधरांचा सत्कार होतो त्याच व्यासपीठावर, स्वतःच्या हातांनी घर चालविणाऱ्या स्त्रीचे नाव सन्मानाने उच्चारले गेले, तर पुष्कळ घरांतील दारे आपोआप उघडतील.

घरबसल्या उद्योगाची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. घरी काम केल्याने मुलांकडे लक्ष राहते हे खरे. पण स्वयंपाक, पाणी व आजारपण सांभाळून उरलेल्या वेळात हे काम होते, व त्याचा भार रात्रीच्या झोपेवर पडतो. अपुऱ्या उजेडात डोळे जातात, वाकून वाकून पाठ धरते. अशा कामगारांसही इतरांप्रमाणे संरक्षण मिळावे, यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार संमत केला. 'सेवा' संघटनेने त्यासाठी पुष्कळ परिश्रम घेतले होते. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. म्हणून आम्ही जे मागणार आहोत त्यात उजेडाची, हवेशीर, सर्वजणींनी मिळून बसण्याची जागा ही मोठी मागणी आहे. शिवाय एकत्र बसले की दर काय, पैसे केव्हा, हे बोलणेही आपोआप निघते.

आता आमची योजना थोडक्यात सांगतो. या वर्षीच्या शिलाईयंत्र निधीतील अर्धी रक्कम यंत्रांसाठीच ठेवावी. उरलेल्या अर्ध्या रकमेचा एक फिरता निधी करावा. या निधीतून कापड, दोरा वगैरे माल घाऊक खरेदी करावा व काम करणाऱ्या भगिनींस मूळ किमतीत द्यावा. तयार वस्तू तपासून घेतल्यावर मजुरी त्याच दिवशी द्यावी, विक्रीची वाट पाहू नये. संघाच्या इमारतीतील मागील खोली आठवड्यातील दिवसांत रिकामी असते, ती या कामास द्यावी. वस्तूंची प्रत एकच असावी, व ती परक्या गिऱ्हाइकाने डोळे झाकून घ्यावी इतकी चांगली असावी. संघाच्या संमेलनात दया म्हणून चार पिशव्या विकत घेतल्या जातात, त्या विक्रीवर हा उद्योग अवलंबून ठेवू नये. हिशेबाची वही दरमहा सर्वजणींपुढे वाचली जावी, आणि व्यवस्था पाहणाऱ्या मंडळात निम्म्याहून अधिक जागा प्रत्यक्ष काम करणाऱ्या भगिनींच्या असाव्यात. दोन वर्षांत काम स्थिर झाले, तर त्यांची स्वतंत्र सहकारी संस्था नोंदवावी, निधी परत घ्यावा आणि महिला समितीने बाजूस व्हावे. त्या संस्थेचे दार शेजारच्या वस्तीतील अन्य ज्ञातींच्या भगिनींसही उघडे असावे.

सरकारी साहाय्याचा उपयोगही यथावकाश होईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत शिंप्याचे व टोपल्या विणणाऱ्यांचे काम येते; तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत तारणाविना कर्ज पाच टक्के व्याजाने देण्याची तरतूद करण्यात आली. आपल्या राज्यात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ बचतगटांचे काम करते. अर्ज भरणे, कागद जमविणे, कचेरीत पाठपुरावा करणे या कामी आपल्या ज्ञातीतील सेवानिवृत्त बँक अधिकारी व वकील मंडळी आठवड्याचे दोन तास देतील, तर त्या देणगीस रोख देणगीहून आम्ही अधिक मानू.

काही ज्येष्ठांनी आम्हांस विचारले, "संघाने दुकान मांडावयाचे काय?" प्रश्न योग्य आहे. संघाने दुकान मांडू नये. संघाने जागा द्यावी, आरंभीचे भांडवल द्यावे, निर्भेळ हिशेबाची शिस्त लावून द्यावी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपली पत व प्रतिष्ठा त्या कामामागे उभी करावी. दुकान त्या भगिनी मांडतील. दुसरा आक्षेप असा की पैसे बुडाले तर? बुडू शकतात. परंतु जे यंत्र चादरीखाली निजले आहे त्यात घातलेले पैसेही वापरात नाहीतच. फरक एवढाच की त्यांची नोंद आपल्या अहवालात 'वाटप' या सदराखाली होते. फिरत्या निधीत तोटा झाला तर तो वहीत दिसेल, आणि जो तोटा दिसतो त्यावर उपाय करता येतो.

अध्यक्षमहोदय, हा प्रस्ताव लेखी स्वरूपात आम्ही आपल्या हाती देत आहोत. आजच्या सर्वसाधारण सभेत त्यावर चर्चा व्हावी व होय किंवा नाही असा स्पष्ट निर्णय व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे. वर्षभर पुढे ढकललेला प्रस्ताव या कामात नकाराइतकाच जड पडेल. कारण ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्या घरचे भाडे व मुलांची फी दर महिन्यास येते. प्रस्ताव संमत झाल्यास पहिल्या तुकडीसाठी दहा भगिनींची नावे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील सहाजणींनी नाव जाहीर करण्यास हरकत नाही असे लिहून दिले आहे. उरलेल्या चौघींनी अजून तसे लिहिलेले नाही. त्या चौघींस तो धीर देणे, हे आता या सभागृहाच्या हाती आहे.